एक गिऱ्हाईक तुम्हाला कितीला पडतं? रंगकाम, वॉटरप्रूफिंग, फरशी आणि पीओपीवाल्यांसाठी लीडचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत जो हिशोब फळ्यावर मांडला, तो बऱ्याच जणांना लिहून हवा होता. म्हणून इथे सावकाश, पायरीपायरीने देतो. वही-पेन घेऊनच बसा. घरदुरुस्तीचं कोणतंही काम करत असाल, म्हणजे पुट्टी-रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाईल्स, पीओपी, प्लंबिंग, खिडक्या-ग्रील, तरी हा हिशोब तुमच्या कामाचा आहे. धंदा अजून सुरू केला नसेल तर जास्तच कामाचा आहे.

मे महिन्यात हसनाबादहून एका तरुणाचा फोन आला. आपलं जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद. पोरगा घरांना पुट्टी-रंग करतो, गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो, हाताखाली दोन जण आहेत. म्हणाला, "सर, फोन तर येऊ राहिलेत, पण काम काही हाती लागंना. ऑनलाइन लीडचं पॅकेज घेतलं होतं. आता संपत आलंय. परत भरू का नको?"

मी विचारलं, "किती भरले होते?"

"बारा हजार. वर जीएसटी."

"आणले कुठून?"

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बायकोच्या बचत गटातून उचलले, सर."

आता बघा, त्याचा प्रश्न होता "परत भरू का नको". याचं उत्तर मी फोनवर हो किंवा नाही असं देऊ शकलो असतो. पण त्याने काही शिकणं झालं नसतं. मी म्हटलं, "भाऊ, आधी मला सांग, तुला एक गिऱ्हाईक कितीला पडलं?" त्याला एक लीड कितीला पडली ते माहीत होतं. गिऱ्हाईक कितीला पडलं ते माहीत नव्हतं. आजचा सगळा धडा या दोन प्रश्नांमधल्या फरकाचा आहे.

लीड वेगळी, गिऱ्हाईक वेगळं

लीड म्हणजे काय? कुणीतरी विचारपूस केली आणि त्याचा नंबर तुमच्यापर्यंत आला. बस, एवढंच. तिथून पैसे हातात पडेपर्यंत पायऱ्या किती आहेत ते मोजा:

१. नंबर मिळाला.
२. फोन लागला, बोलणं झालं.
३. साइट बघायला गेलो.
४. कोटेशन दिलं.
५. काम मिळालं.
६. काम झालं, पैसे मिळाले.

प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. तुम्ही लोकांच्या गच्च्यांची गळती काढता ना? मग आपली गळती कुठे आहे हेही एकदा शोधा. लीड विकणारा तुम्हाला पहिल्या पायरीचा भाव सांगतो. तुमचं घर चालतं सहाव्या पायरीवर. मधल्या पायऱ्यांचा खर्च कुणीच सांगत नाही, कारण तो तुमच्याच खिशातून हळूहळू जातो. पेट्रोल, वेळ, बुडालेली रोजी.

हसनाबादच्या पोराचा हिशोब

आम्ही त्याच्या मोबाईलमधले सगळे कॉल आणि व्हॉट्सॲप उघडले, एकेक करून लिहून काढले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल करून देतो.

पॅकेज १२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६०. एकूण १४,१६०.

जीएसटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसेल तर हा भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. तो तुमचा खर्चच आहे. पॅकेज बाराचं नसून चौदाचं आहे, असंच धरायचं.

या पैशात लीड आल्या ४०. म्हणजे एक लीड ३५४ रुपयांना. त्याला वाटलं, "साडेतीनशे रुपयांत एक पार्टी, स्वस्तच आहे की."

आता चाळणी लावू.

चाळीसपैकी १५ जणांनी फोन उचलला नाही, किंवा "रेट काय?" एवढंच विचारून ठेवून दिला. राहिले २५. त्यातले काही भाडेकरू होते, घरमालकाला विचारून सांगतो म्हणाले. काही जण छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडचे निघाले. काहींना एका खोलीचा एकच भिंतीचा डाग काढायचा होता. काहींनी त्याच दिवशी आणखी तिघा-चौघांचे फोन घेतले होते, कारण तीच लीड त्यांनाही गेली होती. शेवटी साइट बघायच्या झाल्या १० फेऱ्या, बहुतेक जालना शहरात.

एका फेरीचा खर्च? पेट्रोल २०० आणि गेलेला अर्धा दिवस. त्याची स्वतःची अर्ध्या दिवसाची रोजी कमीत कमी ३०० धरली. म्हणजे फेरी ५०० ला. दहा फेऱ्यांचे ५,०००.

एकूण खर्च: १४,१६० + ५,००० = १९,१६० रुपये.

कामं मिळाली ४.

१९,१६० भागिले ४ = ४,७९० रुपये. हा एका गिऱ्हाईकाचा खरा भाव.

लीड ३५४ ला पडली, गिऱ्हाईक ४,७९० ला पडलं.

आता या कामांतून राहिलं काय? सरासरी काम १८,००० रुपयांचं. त्यात ९,००० मटेरियल, ५,००० पोरांची मजुरी. त्याच्या हातात राहिले ४,०००. त्यातून गिऱ्हाईक आणायचे ४,७९० वजा करा. प्रत्येक कामात ७९० रुपये खिशातून गेले. चार कामांचे ३,१६०.

चार घरं रंगवली आणि वर ३,१६० रुपये घालवले. फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तर वाटत होतं चार कामांत ७२ हजारांचा धंदा झाला, म्हणजे पॅकेज वसूल झालं."

मित्रांनो, ही चूक त्याची एकट्याची नाही. उलाढाल मोठी दिसते म्हणून आपण पॅकेजची तुलना उलाढालीशी करतो. तुलना करायची ती हातात राहणाऱ्या पैशांशी. सूत्र लिहून घ्या:

एका गिऱ्हाईकाचा खर्च = (लीडचे किंवा जाहिरातीचे पैसे + जीएसटी + सगळ्या फेऱ्यांचा खर्च + कमिशन) भागिले प्रत्यक्ष मिळालेली कामं.

लक्षात घ्या, फेऱ्या सगळ्या धरायच्या. ज्या फेरीतून काम मिळालं नाही तिचाही खर्च मिळालेल्या कामावरच बसतो. दुसरं कुणी तो भरणार नाही.

लीड विकणारे पैसे कसे घेतात?

मोठमोठ्या कंपन्यांची नावं तुम्ही ऐकलीच आहेत. जस्टडायल १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा लोक फोन करून पत्ता-नंबर विचारायचे. इंडियामार्टही १९९६ चीच. अर्बन कंपनी २०१४ मध्ये अर्बनक्लॅप या नावाने सुरू झाली आणि २०२० मध्ये तिने नाव बदललं. शिवाय फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगलच्या जाहिराती आहेत. नावं वेगवेगळी असली तरी पैसे घ्यायच्या पद्धती मुख्यतः चारच आहेत:

पहिली, वर्षाचं किंवा महिन्याचं पॅकेज. नाव वर दिसेल, लीड येतील. काम मिळो न मिळो, पैसे आधी.

दुसरी, प्रत्येक लीडचे पैसे. नंबर उघडला की तुमचं क्रेडिट कमी झालं. समोरचा काम देतो का नाही, हा तुमचा प्रश्न.

तिसरी, जाहिरात. लोकांनी पाहिली, बोट लावलं, मेसेज केला, त्याचे पैसे. आलेल्या मेसेजचं काम करणं तुमच्याकडे.

चौथी, काम झाल्यावर कमिशन. काम नाही तर पैसे नाहीत.

आता प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारा: काम मिळालं नाही तर नुकसान कुणाच्या खिशातून जातं? पहिल्या तिन्हींत तुमच्या. चौथ्यात समोरच्याचंही. म्हणून चौथ्या पद्धतीत टक्का जास्त वाटतो, तो जोखमीचा भाव असतो. अर्बन कंपनीनेसुद्धा सुरुवात लीड पुरवण्यापासून केली होती, पुढे ती ठरलेले दर आणि कामावर कमिशन या पद्धतीकडे गेली.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत होमॲडव्हायजर नावाची कंपनी घरदुरुस्तीच्या ठेकेदारांना लीड विकायची. तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. आरोप असा होता की लीडचा दर्जा आणि त्यातून किती कामं मिळतात याबद्दल कंपनीने ठेकेदारांची दिशाभूल केली. काम लगेच द्यायला तयार असलेली माणसं म्हणून विकलेल्या लीड तशा नसायच्या, काही तर ठेकेदाराच्या भागातल्या किंवा त्याच्या कामाच्याही नसायच्या. जानेवारी २०२३ मध्ये जास्तीत जास्त ७२ लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. तिथल्या रंगाऱ्याचं आणि प्लंबरचं दुखणं आणि हसनाबादच्या आपल्या पोराचं दुखणं एकच आहे. लीड विकणारा सरासरी सांगतो, काम करणारा स्वतःचा आकडा मोजत नाही.

गावात लीड फुकट मिळते?

"सर, मी कशाला ऑनलाइन जाऊ, मला तर गावातूनच कामं येतात, फुकटात." असंही खूप जण म्हणतात. जरा थांबा. हसनाबाद असो, राजूर असो का भोकरदन, गावात कामं येतात ती कुठून? रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानदाराकडून, सेंटरिंगवाल्याकडून, गवंडी मिस्त्रीकडून, जुन्या गिऱ्हाईकाच्या पाहुण्याकडून. यातलं काहीच पूर्ण फुकट नाही. फक्त त्याची पावती नसते, म्हणून खर्च दिसत नाही.

आपल्या पोराने दुकानदाराकडून आलेल्या कामांचा हिशोब काढला तो असा. काम १८,००० चं, दुकानदाराला ५ टक्के म्हणजे ९०० रुपये. साइटच्या फेऱ्या कमी लागतात, कारण दुकानदाराने गिऱ्हाईकाला आधीच तोलून पाठवलेलं असतं. तीन फेऱ्यांत दोन कामं. १,५०० भागिले २, म्हणजे ७५० रुपये. आता छुपा खर्च. मटेरियल त्याच दुकानातून घ्यावं लागतं आणि ते जालन्याच्या होलसेलपेक्षा थोडं महाग पडतं. ९,००० च्या मालावर ४ टक्के धरले तर ३६०. एकूण ९०० + ७५० + ३६० = २,०१० रुपये.

म्हणजे फुकट नाही. पण ४,७९० च्या निम्म्याहूनही कमी. आणि मुख्य म्हणजे कमिशनचे पैसे काम मिळाल्यावरच जातात. बचत गटातून उचलून आधी भरावे लागत नाहीत.

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, कमिशन आधी तोंडी तरी स्पष्ट ठरवा. टक्का बिलावर का फक्त मजुरीवर, काम संपल्यावर का ॲडव्हान्स आल्यावर. हे न ठरवल्याने वर्षानुवर्षांची ओळख तुटलेली मी पाहिली आहे. दुसरी, रंगाच्या डब्यातलं टोकन किंवा पॉईंट तुमच्या खात्यात किती येतात तेही वहीत लिहा. तो तुमचा पैसा आहे, हिशोबात जमेच्या बाजूला धरा. पण टोकनच्या नादाने गिऱ्हाईकाला गरज नसलेला महाग माल गळ्यात घालू नका. गाव लहान आहे. पुढच्या पावसाळ्यात ते गिऱ्हाईक तुम्हाला एसटी स्टँडवर भेटणारच.

सगळ्यात स्वस्त लीड तुमच्याच मोबाईलमध्ये

मी त्याला म्हटलं, "मागच्या तीन वर्षांत ज्यांची कामं केलीस त्यांची यादी कर." २३ नावं निघाली. मृग लागायच्या आधी त्या प्रत्येकाला फोन करायला सांगितला. बोलायचं एवढंच: "काका, मागच्या वर्षी तुमच्या घराचं काम केलं होतं. पावसाळ्याआधी गच्ची एकदा बघून जातो, पैसे नाहीत. आउटलेट तुंबलंय का, पॅरापेटला चीर गेलीये का, तेवढं बघतो."

आठ जणांनी "ये की" म्हटलं. जवळच्याच फेऱ्या, म्हणून खर्च पेट्रोल १०० आणि वेळेचे २००, मिळून ३००. आठ फेऱ्यांचे २,४००. त्यातून ३ कामं मिळाली. एक जुन्याच गिऱ्हाईकाचं, दोन त्यांच्या शेजाऱ्या-पाहुण्यांची. २,४०० भागिले ३ = ८०० रुपये.

तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवा:

विकतची लीड: ४,७९० रुपये एक गिऱ्हाईक.
दुकानदाराकडून: २,०१० रुपये.
जुन्या गिऱ्हाईकाकडून: ८०० रुपये.

मग सगळं सोडून फक्त जुनीच गिऱ्हाईकं धरायची का? नाही, कारण त्या रस्त्याला तळ आहे. नावं २३ च आहेत. दर महिन्याला त्याच काकांना फोन केला तर ते नंबर ब्लॉक करतील. नवीन धंदेवाल्याकडे तर ही यादीच नसते. म्हणून स्वस्त रस्ता आधी पूर्ण वापरायचा, मग पुढच्याकडे जायचं. उलट दिशेने जाणारे बुडतात.

यात आणखी दोन गोष्टी जोडा, दोन्ही बिनपैशाच्या. गूगलवर बिझनेस प्रोफाईल मोफत बनतं. पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. झालेल्या कामांचे आधी-नंतरचे फोटो टाका, काम संपलं की गिऱ्हाईकाकडून तिथेच रिव्ह्यू लिहून घ्या. कुणी फोन करून "प्रोफाईल चालू ठेवायला पैसे भरा" म्हणालं तर ठेवून द्या, प्रोफाईलला पैसे लागत नाहीत. दुसरं, व्हॉट्सॲप बिझनेस. त्यात लेबल लावता येतात: 'नवीन', 'साइट बघितली', 'कोटेशन दिलं', 'काम झालं'. वर सांगितलेल्या पायऱ्या तिथेच मोजल्या जातात.

मग विकतची लीड कधी घ्यायची?

याला मी तिसऱ्या हिश्श्याचा नियम लावतो. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, तुमच्या धंद्यानुसार कमी-जास्त करा. काम झाल्यावर तुमच्या हातात जे राहतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसे गिऱ्हाईक आणण्यावर घालवायचे नाहीत.

१८,००० च्या कामात ४,००० राहतात. तिसरा हिस्सा सुमारे १,३३०. म्हणजे छोट्या रंगकामाला विकतची लीड परवडतच नाही. तो रस्ता दुकानदारालाही अवघड आहे, हेही दिसलं ना? म्हणून छोटी कामं जवळची आणि ओळखीचीच घ्यायची.

आता जालना शहरात एक पूर्ण घर, बाहेरून रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग धरून ६०,००० चं काम घ्या. हातात १३,००० राहतात असं धरा. तिसरा हिस्सा सुमारे ४,३३०. तीच चाळीस लीड नीट हाताळली, दहाऐवजी सात फेऱ्या केल्या आणि चारऐवजी पाच कामं मिळवली तर? १४,१६० + ३,५०० = १७,६६०. भागिले ५ = ३,५३२ रुपये. आता परवडतं.

म्हणजे लीड महाग का स्वस्त, हे तिच्या भावावर ठरत नाही. काम किती मोठं आणि किती लीडचं काम होतं, यावर ठरतं. विकतची लीड घ्यायची असेल तर फक्त मोठ्या कामांसाठी घ्या, आणि हाताळणी सुधारल्यावरच घ्या.

हाताळणी म्हणजे काय? चार सवयी:

एक, लगेच फोन. तीच लीड चौघांना गेली असेल तर पहिला फोन ज्याचा, त्याचंच आधी ऐकलं जातं. कामावर असाल, हात पुट्टीने भरले असतील, तर घरातल्या कुणाला तरी फोन उचलायला शिकवा. आपल्या पोराची बायको आता हे काम करते, आणि त्याच्यापेक्षा चांगलं करते.

दोन, साइटवर जायच्या आधी तीन प्रश्न. घर स्वतःचं आहे का? साधारण किती स्क्वेअर फूट? काम कधी करायचंय? सोबत व्हॉट्सॲपवर चार फोटो आणि लोकेशन मागवा. ज्याला खरंच काम करायचंय तो फोटो पाठवतो. ज्याला नुसता रेट हवाय तो गायब होतो, तुमचे ५०० वाचतात.

तीन, लांबच्या साइटला पाहणीचे पैसे. "पाहणीचे २०० रुपये, काम दिलंत तर बिलातून वजा." लाजू नका. डॉक्टर तपासायचे पैसे घेतातच.

चार, कोटेशन लिहून. किती कोट, कोणता माल, किती दिवस, किती ॲडव्हान्स, गॅरंटी कशाची आणि कशाची नाही. फोनवर नुसता फुटाचा भाव सांगितला की समोरचा तोच भाव घेऊन पुढच्या ठेकेदाराकडे जातो.

पैसे भरायच्या आधी विचारायचे प्रश्न

पॅकेज विकणारा गोड बोलतो, ते त्याचं कामच आहे. तुम्ही हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून मागा:

१. एक लीड किती जणांना देता?
२. कोणत्या पिनकोडमधली लीड द्याल? मला नको असलेले भाग बंद करता येतात का?
३. कामाचा प्रकार निवडता येतो का? मला फक्त वॉटरप्रूफिंग हवं, खोलीचा रंग नको, असं चालतं का?
४. चुकीचा नंबर किंवा दुसऱ्याच कामाची लीड आली तर ती बदलून देता का? किती दिवसांत सांगावं लागतं?
५. कमीत कमी किती दिवसांचं पॅकेज आहे? मधेच थांबवलं तर उरलेले पैसे?
६. पैसे आपोआप कापले जाणार का?

सहावा प्रश्न विसरू नका. यूपीआयवर ऑटोपे मंजूर केलेलं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' मध्ये ते दिसतं आणि तिथून बंदही करता येतं. आपल्या पोराला हे माहीतच नव्हतं. फोन चालू असतानाच त्याने ते उघडलं. नूतनीकरणाचे पैसे आठ दिवसांनी कापले जाणार होते.

आणि स्वतः फेसबुकवर जाहिरात करायची असेल तर आधी छोटी चाचणी करा. दिवसाला ३०० रुपये, दहा दिवस, ३,००० आणि १८ टक्के जीएसटी ५४०. एकूण ३,५४०. नकाशावर जितक्या लांब काम करायला परवडतं तेवढंच वर्तुळ ठेवा. अख्खा जिल्हा निवडू नका, परतूरहून आलेल्या मेसेजचं हसनाबादच्या माणसाने काय करायचं? दहा दिवसांनी मेसेज मोजू नका, कामं मोजा. एकही काम नाही आलं तर नुकसान ३,५४० वर थांबलं. बारा-चौदा हजारांवर नाही.

वेळही पैसाच आहे

आपल्या भागात घराचं काम कधी निघतं, हे शहरातल्या जाहिरातवाल्याला माहीत नसतं. तुम्हाला आहे. मे महिन्यात आणि मृगाच्या आधी गच्चीची आठवण येते. पहिला जोराचा पाऊस झाला, भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, की फोन वाजतात. दसरा-दिवाळीआधी रंगकाम. मग कापूस, सोयाबीन, मक्याचे पैसे हातात आले आणि घरात लग्न ठरलं की टाईल्स, पीओपी, ग्रील. वर्षभर सारखं पॅकेज भरत राहण्यापेक्षा, खर्च करायचाच तर या हंगामांच्या तोंडावर करा. भर पावसात बाहेरच्या रंगाची लीड घेऊन काय करणार?

पुढे काय झालं?

त्याने पॅकेज परत भरलं नाही. ऑटोपे बंद केलं. जुन्या गिऱ्हाईकांचे फोन केले, तीन कामं मिळाली, ती वर सांगितलीच. राजूरच्या एका दुकानदाराशी टक्का नीट ठरवला. बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत, ते काही जादूने फिटले नाहीत. पण हप्ता आता रंगाच्या कामातून जातो, बायकोच्या शिलाईच्या पैशातून नाही. मागच्या आठवड्यात त्याचाच फोन होता. "सर, दिवाळीआधी जालन्यात मोठ्या कामांसाठी ती साडेतीन हजारांची चाचणी करू का?" मी म्हटलं, "आकडे सांग." त्याने वही उघडून सांगितले. मग मी म्हटलं, "कर."

तुमचा गृहपाठ

एक साधी शंभर पानी वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, गिऱ्हाईक कुठून आलं, त्यावर किती खर्च झाला (फेऱ्या धरून), काम मिळालं का, हातात किती राहिलं. तीस दिवस भरा. एकही दिवस सोडू नका. महिन्याच्या शेवटी प्रत्येक रस्त्याचा एका गिऱ्हाईकाचा खर्च काढा. जो रस्ता तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतो तो वाढवा. जो बसत नाही तो सुधारा, नाही सुधारला तर बंद करा.

ज्यांचा धंदा अजून सुरू व्हायचाय त्यांनी आजच दोन दुकानदार आणि दोन मिस्त्री यांच्याकडे जाऊन विचारावं, "माझ्यासाठी काम आणलंत तर तुम्हाला काय अपेक्षा आहे?" त्यांची उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या धंद्याचा पहिला खर्च तिथेच कळेल, आणि तोही एक रुपया भरायच्या आधी.

पुढच्या भागात याच वहीतून कोटेशन कसं बनवायचं ते बघू. तोपर्यंत रकाने भरत राहा.

भेटूया.